लहान फाइल उघडते, मोठी अडकते

दूरच्या सर्व्हरवरील फाइल उघडताना कोड एडिटर (प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर) गोठतो, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत घरी बसून पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्या मंडळींकडून मी नेहमी ऐकतो. २०२० साली गावाकडे आलेल्यांपैकी बरेच जण परत गेलेच नाहीत, त्यामुळे माणूस इथे आणि त्याचा कोड तिकडे अशी विभागणी आता कायमची झाली आहे. तक्रार सांगताना सगळे ‘एडिटर हँग होतोय’ हेच वाक्य वापरतात आणि उपायही सगळे एकच करतात, तो म्हणजे एडिटर काढून टाकून पुन्हा बसवणे. या उपायाने क्वचितच काही साधते, कारण अडलेला दिसतो एडिटर, पण त्याला वाट पाहायला लावणारा बहुधा दुसराच कोणी असतो, आणि तो कोण हे शोधल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

म्हणून मी आधी एडिटर बाजूला ठेवायला सांगतो. साध्या टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून, एसएसएच या दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याच्या पद्धतीने त्याच सर्व्हरवर जावे आणि कॅट आज्ञेने तीच फाइल पडद्यावर आणावी. फाइल लगेच आली, तर दोष एडिटरमध्ये किंवा त्याच्या एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (वरून बसवलेल्या पूरक सोयीत) आहे. लॉगिन झाले पण फाइल आली नाही, तर दोष वाटेत किंवा सर्व्हरच्या डिस्कपाशी आहे. लॉगिनच झाले नाही, तर एडिटरचा विषयच सोडून द्यावा. या चाचणीला अर्धा मिनिटही लागत नाही, तरीही ती करण्याआधीच लोक सेटिंग बदलायला बसतात.

मी स्वतः निस्तरलेल्या प्रकारांपैकी सर्वांत फसवा प्रकार आमच्याच कामात निघाला, म्हणून तो सविस्तर लिहितो. सीमाभागातील पतसंस्थांना लागणारे एक सॉफ्टवेअर आम्ही काही जण मिळून सांभाळतो. ठेव, कर्ज, जामीनदार, व्याज, वसुली असा पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द त्यात तीन भाषांत ठेवावा लागतो, कारण सभासद मराठी, कार्यालयीन पत्रव्यवहार कन्नड आणि हिशेब तपासनीस इंग्रजी, अशी येथील रीत आहे. प्रत्येक पडद्यासाठी इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तीन छोट्या फाइली असतात. वळिवाच्या एका पावसात वीज कोसळून आमच्या बेळगावातील शहापूरच्या घरातील राउटर जळाला, केबलवाल्याने नवा बसवला, आणि त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सर्व्हरवरील इंग्रजी फाइल नेहमीप्रमाणे उघडत असे. मराठी फाइल उघडायला गेले की एडिटर गोठे. कन्नड फाइलचेही तेच. सीमाभागात मराठी आणि कन्नड एकाच बाजूला उभ्या असल्याचे हे दृश्य दुर्मीळच म्हणायचे.

पुण्यातील सहकाऱ्याचे मत ठाम होते की हा युनिकोडचा, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीचा, घोळ आहे. सर्व्हरवर लोकेल (भाषा-लिपीचे सेटिंग) चुकीचे असेल, एडिटरचा फाँट जोडाक्षरांवर अडत असेल, नाहीतर एखादे अदृश्य चिन्ह फाइलमध्ये शिरले असेल, अशा तीन शक्यता त्याने लगोलग मांडल्या. वरकरणी त्याचे म्हणणे पटण्यासारखे होते, पण लोकेल चुकले तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसतात, एडिटर गोठत नाही. शिवाय त्याच फाइली त्याच सर्व्हरवरून त्याच्याकडे पुण्यात विनातक्रार उघडत होत्या.

शंका मिटवण्यासाठी दोन उलट प्रयोग केले. इंग्रजी फाइलमधील मजकूर तिच्यातच आणखी दोनदा चिकटवून तिची प्रत सर्व्हरवर तयार केली. ती उघडताना एडिटर गोठला. मराठी फाइलची प्रत घेऊन तिच्यात वरच्या थोड्या ओळी ठेवल्या आणि बाकीच्या कापल्या; ती विनासायास उघडली. भाषेचा संबंध तिथेच संपला आणि आकाराचा सुरू झाला. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘बेळगाव’ या शब्दात मात्रा आणि काना धरून ६ चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट; सरकारी रोमन लिपीतले ‘Belagavi’ ८ अक्षरांचे, म्हणून ८ बाइटांतच मावते. मजकूर तोच असला तरी आमच्या फाइली इंग्रजीच्या दुप्पट-अडीचपट जड होत्या, आणि कुठेतरी चौदाशे बाइटांच्या आसपास एक अदृश्य रेघ होती, जिच्या अलीकडे सर्व काही ठीक होते आणि पलीकडे सर्व काही ठप्प.

ही रेघ टर्मिनलमधूनही दिसली. हेड या आज्ञेला फाइलचे पहिले हजार बाइट मागितले की ते क्षणात येत; तेराशे मागितले तरी येत; सोळाशे मागितले की पडदा निश्चल होई, आणि मग एंटर कितीही दाबले तरी काही हलत नसे. आश्चर्य म्हणजे त्या सोळाशेपैकी एकही बाइट दिसत नसे. याचे कारण टीसीपीच्या, म्हणजे मजकूर तुकड्यांत पाठवून क्रमाने जोडणाऱ्या पद्धतीच्या, शिस्तीत आहे. सर्व्हरने मजकुराचे दोन तुकडे करून पाठवले, एक मोठा आणि एक उरलासुरला छोटा. छोटा तुकडा लॅपटॉपपर्यंत पोहोचतो, पण त्याच्या आधीचा मोठा आलेला नसल्यामुळे टीसीपी तो वरच्या कार्यक्रमाच्या हाती देत नाही. त्यानंतर सर्व्हरकडून येणारी प्रत्येक गोष्ट, आपण दाबलेल्या कळांचे प्रतिसादसुद्धा, त्या एका हरवलेल्या तुकड्यामागे रांगेत उभी राहते.

फोनच्या हॉटस्पॉटवरून हीच फाइल लगेच उघडली, त्यामुळे संशय घरच्या जोडणीवर आला. तरीही सर्व्हरच्या बाजूने काय दिसते हे पाहणे आवश्यक होते. लॅपटॉप घरच्या फायबरवर ठेवून त्यावर सत्र अडकू दिले आणि दुसऱ्या संगणकावरून, हॉटस्पॉटमार्गे, सर्व्हरवर वेगळे सत्र उघडून एसएस या आज्ञेने अडकलेल्या जोडणीची तपशीलवार स्थिती पाहिली. पाठवण्याच्या रांगेत बाइट पडून होते, तेच पॅकेट, म्हणजे मजकुराचा तोच तुकडा, पुन्हा पुन्हा पाठवल्याची संख्या वाढत होती, आणि वाटेची क्षमता १५०० बाइट आहे असे सर्व्हर समजून चालला होता. या एका नोंदीत सगळा उलगडा होता.

इथरनेटवर एका पॅकेटमध्ये साधारणपणे १५०० बाइट मावतात. घरोघरीच्या फायबर जोडण्यांमध्ये अनेकदा पीपीपीओई ही १९९९ साली प्रसिद्ध झालेली पद्धत वापरतात आणि ती प्रत्येक पॅकेटमागे स्वतःसाठी ८ बाइट घेते, म्हणून आपल्यासाठी १४९२ उरतात. पॅकेटच्या या कमाल आकाराला एमटीयू म्हणतात. जोडणी सुरू होताना दोन्ही टोके आपण केवढा तुकडा घेऊ शकतो हे एकमेकांना सांगतात. तो आकडा म्हणजे एमएसएस. लॅपटॉपला घराबाहेरची वाट अरुंद आहे याची कल्पना नसते, म्हणून तो १५०० मधून आयपी (पत्त्यांची पद्धत) आणि टीसीपी यांच्या शीर्षकांचे ४० बाइट वजा करून १४६० सांगतो. जुना राउटर जाता जाता तो आकडा गुपचूप १४५२ करत असे. नव्या राउटरमध्ये ही सोय होती, पण बंद होती. परिणामी सर्व्हर १५०० बाइटांची भरलेली पॅकेटे पाठवत राहिला आणि ती पुरवठादाराच्या टोकाशी, जिथे वाट १४९२ ची होते तिथे, अडू लागली.

एवढ्यानेही बिघाड होऊ नये अशी तरतूद १९९० सालच्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमपत्रात केलेली आहे. पॅकेटवर ‘तुकडे करू नयेत’ अशी खूण असेल आणि ते मावत नसेल, तर अडवणाऱ्या राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा, म्हणजे नेटवर्कमधील अडचणी कळवणाऱ्या पद्धतीचा, निरोप धाडायचा की इथून १४९२ च जाईल. पाठवणारा मग स्वतःहून लहान पॅकेटे करतो. आमच्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (येणारी-जाणारी पॅकेटे तपासून अडवणाऱ्या पहाऱ्यात) मात्र कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केले होते. निरोप दाराशी येऊन मरत होता. सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पाठवत होता, प्रत्येक वेळी मधली वाट पाहण्याची मुदत वाढवत, आणि सर्व्हरवरील लिनक्स या कार्यप्रणालीच्या मूळ सेटिंगप्रमाणे हताश होईपर्यंत त्याला सुमारे १५ मिनिटे लागतात. तेवढा वेळ एडिटर निमूटपणे वाट पाहत बसतो. एडिटरमध्ये चूक काढायची असेल तर हीच की तो या वाट पाहण्याबद्दल वापरकर्त्याला अवाक्षर सांगत नाही.

राउटर आणि फायरवॉल यांपैकी एकच दोष असता तर काहीही जाणवले नसते. पुण्यातल्या सहकाऱ्याची जोडणी पीपीपीओईची नव्हती, म्हणून फायरवॉलचा दोष त्याला कधी दिसला नाही. आणि माझ्याकडे बाकीचे इंटरनेट उत्तम चालत होते, कारण ज्या सर्व्हरांपर्यंत हा निरोप पोहोचतो ते आपणहून पॅकेट लहान करतात. केबलवाल्या पोराला बोलावले तेव्हा त्याने फोनवर वेग मोजून दाखवला आणि म्हणाला, “स्पीड तर बरोबर यायलंय बघा की सर, शंभरच्या वर आहे. मग अडचण कुठली?” त्याचे चूक नव्हते. वेगाच्या चाचणीत हा दोष दिसतच नाही. मी त्याला राउटरच्या पानावर एमएसएसची खूण दाखवली, तेव्हा त्याने ती चालू करून दिली आणि वर “हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही सर” असे प्रामाणिकपणे म्हटले.

घरी ही चाचणी करायची असेल तर पिंग या पोहोच तपासणाऱ्या आज्ञेला ‘तुकडे करू नकोस’ असे सांगून आकार देता येतो. १४७२ बाइटांच्या पिंगला २८ बाइटांची शीर्षके लागून १५०० होतात. १४६४ चे १४९२ होतात. दुसरे जाते आणि पहिले जात नाही असे दिसले की पीपीपीओईची अरुंद वाट समोर आहे असे समजावे. पिंग मात्र एखाद्या सार्वजनिक डीएनएसच्या (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या) पत्त्यावर करावे, कारण आयसीएमपी बंद ठेवणारा आपला सर्व्हर कोणत्याच आकाराला उत्तर देणार नाही. तातडीचा उपाय म्हणजे लॅपटॉपच्या नेटवर्क जोडणीचा एमटीयू १४९२ करणे. तो नव्या जोडण्यांना लगेच लागू होतो, आधीपासून अडकलेल्यांना नाही. घरासाठी खरा उपाय राउटरवर एमएसएस आवळण्याचा, म्हणजे कमी करण्याचा, आहे आणि सर्व्हरसाठी आयसीएमपीचा प्रकार ३, उपप्रकार ४, म्हणजे वर सांगितलेला निरोप, आत येऊ देण्याचा. आयपीव्ही६ ही आयपीची नवी आवृत्ती वापरत असाल तर ‘पॅकेट फार मोठे’ हा निरोप अडवणे अधिकच महागात पडते, कारण तिथे वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाहीत. सर्व्हर आपल्या ताब्यात असून फायरवॉल ताब्यात नसेल, तर लिनक्समध्ये टीसीपीला स्वतःहून वाट चाचपायला लावणारे एक सेटिंग आहे. ते मुळात शून्य असते, त्याचे १ केले की पॅकेटे निरोपाविना गिळणारी अशी काळी विवरे टीसीपी स्वतः ओळखून पॅकेट लहान करते. ज्या कार्यालयाचे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट) आहे, तिथे वाट आणखी अरुंद होते आणि रेघ चौदाशेच्याही खाली सरकते, चाचणी तीच.

एसएसएचच्या बाजूने एक दुरुस्ती मी आता प्रत्येक नव्या संगणकावर सुरुवातीलाच करतो. दर १५ सेकंदांनी सर्व्हरला हाक मारायची आणि ३ हाकांना उत्तर आले नाही तर जोडणी तोडायची, असे क्लायंटच्या सेटिंगमध्ये लिहिता येते. त्याने मूळ दोष जात नाही, पण १५ मिनिटांच्या गूढ शांततेऐवजी पाऊण मिनिटात स्पष्ट चूक समोर येते. अडकलेले सत्र त्याआधीच मोडायचे असेल, तर एंटर दाबून मग टिल्ड आणि टिंब ही दोन चिन्हे टंकावीत. टर्मिनलची खिडकी बंद करण्यापेक्षा हे सभ्य.

निपाणीच्या एका मित्राचा अनुभव याच्या अगदी उलट होता. त्याच्याकडे आकाराचा प्रश्न नव्हता, कोणतीच फाइल उघडत नव्हती, आणि टर्मिनलमधून मात्र सगळे सुरळीत होते. तो ईमॅक्स या एडिटरचा भक्त आहे. ईमॅक्समधील ट्रॅम्प ही सोय दूरच्या संगणकावर खरोखरीचे शेल (आज्ञा घेऊन चालवणारा कार्यक्रम) सुरू करते, त्याचा प्रॉम्प्ट (आज्ञेसाठी तयार असल्याची खूण) दिसण्याची वाट पाहते आणि मग आज्ञा पाठवते. प्रॉम्प्टच्या शेवटी डॉलर, टक्का किंवा हॅश यांसारखे ओळखीचे चिन्ह असेल अशी तिची अपेक्षा असते. मित्राने सर्व्हरवर झेडशेल हे शेल बसवून त्याला रंगीत, दोन ओळींचा आणि बाणाच्या चित्राने संपणारा प्रॉम्प्ट दिला होता. ट्रॅम्पला तो ओळखता येईना, म्हणून ती वाट पाहत राहिली. ट्रॅम्प स्वतःची ओळख ‘डंब’, म्हणजे रंग वगैरे न जाणणारे साधे, टर्मिनल अशी करून देते. शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये अगदी वर, टर्मिनल डंब असेल तर साधा डॉलर प्रॉम्प्ट लावून तिथेच थांबायचे, अशी एक ओळ घातली की काम होते. रंगीत प्रॉम्प्ट माणसासाठी तसाच राहतो.

याच कुळातला आणखी एक दोष म्हणजे शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये घातलेले स्वागताचे शब्द. कोणी लॉगिन केल्यावर तारीख दाखवतो, कोणी डिस्कची शिल्लक, आणि एका ठिकाणी तर मी ‘जय महाराष्ट्र’ पाहिले आहे. एसएसएचवरून फाइली नेणाऱ्या एसएफटीपीच्या दृष्टीने हे शब्द म्हणजे तिच्या संवादात मध्येच घुसलेला कचरा. ती त्या अक्षरांना लांबीचा आकडा समजते आणि संदेश फार लांब असल्याची तक्रार करते. काही एडिटर ती तक्रार न दाखवता नुसतेच थांबतात. एसएसएचने दूरवर ट्रू ही काहीही न करणारी आज्ञा चालवून तिचे उत्तर फाइलमध्ये घ्यावे. ती फाइल शून्य बाइटांची असायला हवी. नसेल तर स्वागत फक्त संवादी सत्रापुरते ठेवावे.

व्हीएस कोड हा एडिटर वापरणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात, कारण तिथे एडिटरचा अर्धा भागच सर्व्हरवर जाऊन राहतो. पहिल्या जोडणीत तो स्वतःचा सर्व्हर वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत (त्याच्या स्वतःच्या मुख्य फोल्डरमध्ये) बसवतो आणि बहुतेक एक्स्टेन्शने तिथेच चालवतो. दूरच्या संगणकाला किमान १ जीबी स्मृती हवी आणि २ जीबी असणे बरे, असे त्याची कागदपत्रे सांगतात; स्वस्तातला सर्वांत लहान आभासी सर्व्हर घेतलेल्यांनी हा आकडा आधी पाहावा. खानापूरच्या माझ्या मामेभावाने प्रकल्पाचे फोल्डर उघडण्याऐवजी थेट होम डिरेक्टरी उघडली होती, आणि तिच्यात जुन्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रतींचे प्रचंड भांडार होते. एडिटरने त्या सगळ्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. लिनक्समध्ये ही नजर आयनोटिफाय नावाच्या यंत्रणेतून ठेवली जाते आणि अशा नजरांच्या संख्येला मर्यादा असते; जुन्या कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मूळ मर्यादा ८१९२ होती, ५.११ पासून ती स्मृतीच्या प्रमाणात ठरते. मर्यादा ५,२४,२८८ पर्यंत वाढवण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो, पण ६४ बिटी संगणकावर एका नजरेला सुमारे १ किलोबाइट लागतो, म्हणजे सगळ्या वापरल्या तर अर्धा जीबी त्यातच जातो. लहान सर्व्हरवर हा सल्ला पाळणे म्हणजे रोग बदलून घेणे आहे. त्यापेक्षा नको असलेली फोल्डरे वॉचरच्या वगळण्याच्या यादीत घालावीत, आणि मुळात जेवढे लागते तेवढेच फोल्डर उघडावे.

मामेभावाकडे आणखी एक गोष्ट सापडली. सर्व्हरवर टॉप आज्ञेत आरजी नावाची प्रक्रिया सगळा प्रोसेसर खात होती. ही रिपग्रेप, म्हणजे व्हीएस कोडची शोधाची यंत्रणा. ती मूळ सेटिंगप्रमाणे प्रतीकात्मक दुव्यांच्या मागेही जाते, आणि एखादा दुवा नेटवर्कवरील भल्या मोठ्या डिस्ककडे नेत असेल तर ती तिथेही फिरत बसते. दुव्यांमागे न जाण्याचे सेटिंग केल्यावर सर्व्हर शांत झाला. इतके करूनही जोडणी अर्ध्यावर थांबत असेल, तर आज्ञांच्या यादीतून दूरवरचा व्हीएस कोड सर्व्हर मारून पुन्हा जोडावे. अर्धवट मेलेली जुनी प्रक्रिया आणि तिने मागे ठेवलेली कुलुपाची फाइल हे नेहमीचे कारण आहे, विशेषतः होम डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर, असेल तेव्हा.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्रांचे प्रोग्राम एका जुन्या सर्व्हरवर ठेवलेले असतात आणि अभियंते ते एसएसएचएफएसने आपल्या लॅपटॉपवर जोडून घेतात, म्हणजे दूरचे फोल्डर स्थानिक असल्यासारखेच दिसते. वीज गेली की सर्व्हर बंद पडतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, आणि मग कोणताही एडिटर उघडायला गेले की तो सुरू होतानाच गोठतो. दूरची फाइल कोणी मागितलेलीही नसते. कारण असे की एडिटर सुरू होताना अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी तपासतो, आणि त्यांतली एखादी त्या मेलेल्या फोल्डरमध्ये असते. अशी प्रक्रिया पीएस आज्ञेत ‘डी’, म्हणजे उत्तराची वाट पाहत अडकलेल्या, अवस्थेत दिसू शकते आणि ती मारूनही मरत नाही. मारायचे ते एडिटरला सोडून एसएसएचएफएसच्या प्रक्रियेला. मग अडकलेल्या सगळ्यांना ‘जोडणी नाही’ असे उत्तर मिळते आणि ते मोकळे होतात. पुढच्या वेळी जोडताना पुन्हा जोडण्याचा पर्याय आणि वर सांगितलेल्या हाका एसएसएचएफएसलाही द्याव्यात.

व्हिम या एडिटरची जुनी आवृत्ती टर्मिनलमध्ये वापरणारे नवे लोक फाइल जतन करायची म्हणून सवयीने कंट्रोल आणि एस दाबतात आणि पडदा गोठतो. जुन्या टर्मिनलांच्या काळापासून ती कळ ‘दाखवणे थांबव’ या अर्थाची आहे. कंट्रोल आणि क्यू दाबले की सगळे पुन्हा सुरू होते आणि मधल्या काळात टंकलेलेही दिसू लागते. यात बिघाड काहीच नसतो, तरी यासाठी मला रात्री उशिरा फोन आलेले आहेत.

नुसत्या संथपणाला गोठणे म्हणू नये. ईमॅक्समध्ये दूरची फाइल उघडली की ती कोणत्या आवृत्ती-नोंद (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या) पद्धतीखाली आहे हे पाहण्यासाठी प्रत्येक वरच्या फोल्डरमध्ये चौकशी होते. सर्व्हर परदेशात असून तिथवर जाऊन येण्याच्या एका फेरीला १५० मिलिसेकंद लागत असतील, तर ४० फेऱ्यांचे ६ सेकंद होतात. दूरच्या फाइलींसाठी ही चौकशी बंद करता येते आणि करावी.

प्रवासात काम करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की निपाणीहून कागलकडे जाताना कोगनोळीच्या आसपास फोन एका राज्याचे दूरसंचार मंडळ सोडून दुसऱ्याचे पकडतो, आणि त्यात आयपी पत्ता बदलला तर एसएसएचची जोडणी कोणालाही न कळवता मरते. अशा वाटेवर मी मॉश हे दूरच्या लॉगिनचे साधन वापरतो. ते टीसीपीऐवजी यूडीपी या पद्धतीवर चालते, त्याला सर्व्हरवर साधारणपणे ६०००० ते ६१००० या पल्ल्यातील पोर्ट उघडे लागतात, आणि पत्ता बदलला तरी सत्र टिकते. त्यातून फाइली मात्र जात नाहीत आणि व्हीएस कोडही चालत नाही, म्हणून बसमध्ये सर्व्हरवरचाच व्हिम टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या सोयीत) उघडून ठेवतो, आणि काही उतरवून घ्यायचे असेल तर ते कोल्हापूरला पोहोचल्यावर.